सरकार लवकर आणण्याबाबत

माझे वडील मंत्री झाले तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि मला त्याचा भयंकर राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही. घरात कुणाला मंत्रिपद मिळालं की लोक पेढे वाटतात. आमच्याकडेही वाटले. मी माझा पेढा मागल्या अंगणात नेऊन मुंग्यांना घातला, आणि आईने विचारलं तेव्हा खाल्ला म्हणून सांगितलं.

रागाला कारण होतं. वडील शपथ घ्यायला ग्वाल्हेरला गेले ते नेमके रंगपंचमीच्या दोन दिवस आधी.

इंदूरबाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. बाकीचे लोक धुळवड खेळतात आणि आंघोळ करून मोकळे होतात. आमच्या इंदुरात खरा रंग होळीनंतर पाचव्या दिवशी. त्या दिवशी गेर निघते. गेर म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक. गाड्यांवर रंगाची पिंपं, ढोल, हातभर लांब पिचकाऱ्या, हवेत गुलाल, आणि राजवाड्यापुढे अशी गर्दी की पाय जमिनीला लागू नयेत. माझे तर लागायचेच नाहीत, कारण मी दादांच्या खांद्यावर असायची. वडिलांना मी दादा म्हणायची. जुनी इंदूर या मोहल्ल्यातल्या आमच्या घरून आम्ही दोघं निघायचो, पुलापर्यंत मी चालत जायची, आणि पुलावर दादा उकिडवे बसून म्हणायचे, "चला, स्वारी चढू द्या." वरून सगळं दिसायचं. खाली दादांचं डोकं आधी पिवळं व्हायचं, मग लाल, मग त्याला काय रंग म्हणावा ते सांगता येऊ नये असं. मी दोन्ही मुठींत त्यांचे केस धरून बसायची. दुखत असणार, पण ते कधी बोलले नाहीत.

दिवाळी झाली की आई दादांचा एक विरलेला सदरा बाजूला काढून ठेवायची. तो रंगपंचमीचा सदरा. एकदा रंगला की तो पुन्हा घालण्यासारखा राहायचा नाही, त्याची पायपुसणी व्हायची. आमच्या घरातली सगळी पायपुसणी रंगीबेरंगी होती, आणि कुठलं कुठल्या वर्षीचं हे मला सांगता यायचं.

दादा वकील होते. आमचे पणजोबा दरबारात कारकून, आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आम्ही गादीचं मीठ खाल्लेलं, आणि दादांनी त्याच गादीविरुद्ध चौकाचौकात भाषणं करून दोनदा तुरुंग पाहिलेला. पुढे संस्थानंच गेली. इंदूर आणि ग्वाल्हेर ही दोन मोठी घराणी एका दावणीला बांधून मध्यभारत नावाचं राज्य झालं. मग राजधानी कुणाची, यावरून दोन्ही शहरांत सवतींसारखं भांडण. तोडगा निघाला तो असा, की हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. अख्खं सरकार वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवायचं. मंत्री, सचिव, कारकून, चपराशी, टाइपरायटर, लाल कापडात बांधलेले फायलींचे बस्ते आणि ते ठेवायच्या लोखंडी पेट्या. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ असं बाकी मराठी मुलखात चेष्टेने म्हणतात. आमच्याकडे ते वेळापत्रक होतं.

सरकार इंदूरला यायचं ते उन्हं कडक झाल्यावर. रंगपंचमी होऊन तोवर महिना लोटलेला असायचा. पावसाळा उतरू लागला की पुन्हा पेट्या भरायच्या.

आम्हीही ग्वाल्हेरला जावं, असं नातेवाइकांनी सुचवून पाहिलं. तिथे सरकारी बंगला होता, त्याला बाग होती, बागेत माळी होता. दादांनी ऐकलं नाही. म्हणाले, "मंत्रिपद म्हणजे धर्मशाळा. धर्मशाळेत कोणी संसार थाटत नाही." आईला हे वाक्य फार आवडलं. मला नाही आवडलं. धर्मशाळा तर धर्मशाळा, माळी तरी होता. पण आठ वर्षांच्या मुलीला कोण विचारतो? दादा गेले, आई आणि मी राहिलो, आणि त्या वर्षीचा रंगपंचमीचा सदरा कोराच आईच्या ट्रंकेत गेला.

आधी ते उपमंत्री होते, दोन वर्षांनी पुरते मंत्री झाले. रस्ते, पूल आणि सरकारी इमारती त्यांच्याकडे. त्यांचं मोठं काम काय, असं आज कुणी विचारलं तर मला बेटमा गावापुढची एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, आठवते. तिथे नाल्याला पूर आला की धारचा रस्ता बंद पडायचा. बैलगाड्या दोन-दोन दिवस अलीकडे उभ्या. दादांनी तिथे पुलिया बांधवून घेतली. उद्घाटनाला गेले तेव्हा फीत कापायच्या आधी स्वतः खाली उतरून त्यांनी कमानीचे दगड हाताने चाचपले, आणि एका सांध्यात चुना कमी भरलाय म्हणून कंत्राटदाराला सगळ्यांदेखत झापलं. फीत तासाभराने कापली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भाषण आलं, चुना आला नाही.

असा माणूस मंत्री झाल्यावर व्हायचं तेच झालं. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या बैठकीत माणसांची रीघ लागली. त्यात अर्धे आमचेच. कुणाच्या जावयाची बदली, कुणाच्या भाच्याला नोकरी. जेवायला बसलं की पंगतीत बदली, सुपारी कातरताना नोकरी. दादा कंटाळले आणि त्यांनी नियम केला. घरचा असो की बाहेरचा, तोंडी कुणी काही मागायचं नाही. जे असेल ते लिहून द्यायचं, सकाळी आठ ते दहा, बैठकीत. अर्जावर नंबर पडेल आणि रांगेने निकाल लागेल. नियम इतका अंगवळणी पडला की एकदा आई म्हणाली, "स्वयंपाकघराचं कौल फुटलंय, पाणी गळतं," तर दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लिहून द्या."

आई म्हणाली, "देते. आणि आज ताटात काय हवं तेही तुम्ही लिहूनच द्या."

त्या दिवशी दादांनी खरोखरच चिठ्ठी लिहिली, ‘दोन पोळ्या, वरण, क्षमा.’ आई हसली, पण नियम काही मोडला नाही. पुढे पुढे आम्ही तिघंही तशीच झालो. सहलीला जायचं, चपला तुटल्या, वही संपली, सगळं कागदावर. दादा त्यावर लाल पेन्सिलीने ‘मान्य’ लिहायचे आणि कागद मला परत मिळायचा. मला त्याची गंमत वाटायची. घरातली बोलायची सवय त्यात हळूहळू जातेय, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या अर्जांना नंबर घालायचे ते बडे बाबू. ते मूळचे ग्वाल्हेरचे, दादांच्या कचेरीतले मुख्य कारकून. सरकारबरोबर यायचे आणि सरकारबरोबर जायचे. अंगाने किडकिडीत, कानावर टाक, आणि नियमाला असे चिकट की स्वतःच्या रजेच्या अर्जावर स्वतःच ‘कारण पर्याप्त नहीं’ असा शेरा त्यांनी मारला होता म्हणे. दादांचं आणि त्यांचं छान जमायचं. उन्हाळ्यात सकाळी मी त्यांच्याजवळ बसायची. ते मला कागदाला भोक पाडून दोरी ओवायला द्यायचे.

"बिटिया," ते म्हणायचे, "आदमी झूठ बोल सकता है, काग़ज़ नहीं. जो काग़ज़ पे आया, उसका जवाब देना पड़ता है. लाट साब को भी."

हे मी मनात धरून ठेवलं.

मी दहा वर्षांची असताना, सरकार निघायच्या आदल्या आठवड्यात, मी अर्ज लिहिला. दोन वर्षं इतरांचे अर्ज वाचून मला त्यांची भाषा पाठ झाली होती. माननीय मंत्रीसाहेबांच्या सेवेशी. विषय, सरकार लवकर आणण्याबाबत. सविनय विनंती की, सरकार दरवर्षी रंगपंचमीनंतर एक महिन्याने इंदुरास येते. त्यामुळे येथील नागरिकांची फार गैरसोय होते व त्यांना गेर नीट दिसत नाही. तरी सरकार एक महिना आधी आणावे, ही प्रार्थना. खाली नाव घातलं असतं तर घरचा अर्ज म्हणून दादांनी बाजूला टाकला असता. म्हणून मी लिहिलं, ‘एक नागरिक, जुनी इंदूर.’

बडे बाबूंनी तो वाचला. त्यांना मराठी वाचता यायचं, बोलायला लाजायचे.

"ये किसका है, बिटिया?"

"एका नागरिकाचा आहे. दारात देऊन गेले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. माझ्या बोटांना शाई लागलेली होती. ते हसले असते तर मी तो कागद तिथेच फाडला असता. पण ते हसले नाहीत. त्यांनी कानावरचा टाक काढला, वहीत आवक नंबर घातला, कागदावर तोच नंबर घातला, आणि माझ्याकडूनच भोक पाडून घेतलं. दोन दिवसांनी पेट्या बंद झाल्या आणि माझा अर्ज ग्वाल्हेरला गेला.

तो हिवाळा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. जो अर्ज जातो त्याला उत्तर येतं, हे मला पक्कं माहीत होतं. दादांची पत्रं यायची, आईला एक, मला एक. त्यात अभ्यास आणि तब्येत असायची, अर्जाबद्दल अक्षर नसायचं. मला वाटायचं, सरकारी गुपित असेल. होळी आली. आईने दादांचा सदरा काढला. मी तिला म्हटलं, "या वर्षी लागणार आहे तो." तिने त्याची घडी नीट केली. रंगपंचमीला सकाळी सात वाजल्यापासून मी ओट्यावर बसले. शेजारच्या काकूंनी गेरीला चल म्हटलं, मी गेले नाही. मी सरकारची वाट पाहत होते. दुपारी गल्लीतली माणसं रंगून परत आली, कोपऱ्यावरच्या पानवाल्या भियाने (इंदुरात भैयाला भिया म्हणतात) मला हिरव्या रंगाचा एक तांब्या मारला, आणि मी इतकी रडले की तो बिचारा माफी मागायला घरी आला. "अरे गुड्डी, होली है, बुरा मत मान," असं कितीतरी वेळ म्हणत राहिला. मला रंगाचं वाईट वाटलेलं नाही, हे मला त्याला सांगता आलं नाही.

सरकार आलं महिन्याभराने, नेहमीसारखं. बडे बाबू पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वो नागरिक मिलें तो कहना, उनकी फ़ाइल चल रही है. बहुत अच्छी चल रही है."

खरंच चालत होती. त्या देवमाणसाने माझा अर्ज कुठेच अडू दिला नव्हता. मराठी अर्जाला हिंदी भाषांतर जोडलं होतं. सरकार हलवायचं म्हणजे दहा खात्यांचा प्रश्न, तेव्हा दहाही खात्यांचं मत मागवलं होतं. एका पानाचा अर्ज, त्याची दोन बोटं जाड फाइल झाली होती. शिक्षण खात्याने लिहिलं होतं, परीक्षांचा काळ आहे. रेल्वेशी बोलणाऱ्यांनी लिहिलं होतं, तेव्हा डबे मिळणार नाहीत. तिजोरी खात्याचा शेरा सगळ्यांत लांब होता. मार्चअखेर हिशेब बंद करायचे असतात, ते सोडून सरकारला जागचं हलता येत नाही. कुणीच विचारलं नव्हतं की हा नागरिक कोण आणि त्याला एवढी गेर कशाला पाहायची आहे.

शेवटी फाइल निकालासाठी दादांपुढे आली. मी दाराआड उभी होते. त्यांनी वरून वाचायला सुरुवात केली, शेरे वाचले, एकदा मान डोलावली. मग सगळ्यांत खालचं पान उलटलं आणि तिथे माझा कागद होता. दादांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "बडे बाबू, अर्जदार को बुलाइए."

मला अर्जदारांच्या खुर्चीवर बसवलं. माझे पाय खाली पोचत नव्हते. दादांनी मला फाइल दाखवली, एकेक शेरा समजावून सांगितला, मार्चअखेर म्हणजे काय ते सांगितलं. चेष्टा नाही, लाडही नाहीत. बेटम्याच्या शेतकऱ्यांशी बोलायचे तसंच माझ्याशी बोलले. मला अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम.

"तेव्हा," ते म्हणाले, "सरकारला हे शक्य दिसत नाही."

मी म्हटलं, "सरकार राहू दे. तुम्ही एकटे या ना."

बडे बाबूंनी मान खाली घातली. दादांनी माझा कागद पुन्हा एकदा वाचला. मग ते थोडंसं हसून म्हणाले, "पण अर्जात तसं कुठे म्हटलंय? अर्जात सरकार मागितलंय. मला बोलवायचं असेल तर तसा अर्ज कर."

मला वाटतं, ते खरंच आले असते. आज मला तसं वाटतं. दोन दिवसांची रजा काढून, गाडीत उभं राहूनसुद्धा आले असते, आणि मी कागद दिला असता तर बडे बाबूंनी त्या रजेवर ‘कारण पर्याप्त है’ असं लिहिलं असतं. पण माझ्या नाकावर राग. मी म्हटलं, आपल्याच बापाला बोलवायला अर्ज? मी नाही करणार. खुर्चीवरून उडी मारून मी आत गेले. त्यांनी लाल पेन्सिलीने फायलीवर ‘अमान्य’ लिहिलं, ते मला दारातून दिसलं.

मी तो दुसरा अर्ज केला नाही. त्या हिवाळ्यात नाही आणि पुढच्याही नाही. दादांच्या पत्रात एकदा शेवटी होतं, ‘तुझ्याकडून काही अर्ज असल्यास कळव.’ मी उत्तरात लिहिलं, ‘काही नाही.’ आईच्या ट्रंकेत कोरे सदरे साठत गेले. दोन झाले, तीन झाले, पाच झाले. त्यांची पायपुसणी करता येईना, कारण ते रंगलेले नव्हते, आणि दादांना एरवी घालायला देता येईना, कारण ते विरलेले होते. आई दर पावसाळ्यानंतर त्यांना ऊन दाखवायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची.

मग मध्यभारतच गेलं. राज्यांची नवी मांडणी झाली, मोठं मध्यप्रदेश झालं, आणि दोन मांजरांच्या भांडणातला लोण्याचा गोळा भोपाळने नेला. नव्या मंत्रिमंडळात दादांना जागा झाली नाही. पुढच्या निवडणुकीत तिकीटही दुसऱ्याला मिळालं. त्यांनी चुन्यावरून झापलेला कंत्राटदार त्या दुसऱ्याच्या मिरवणुकीत पुढे होता, असं आईने मला सांगितलं, आणि दादांनी तिला असं बोलू नये म्हणून सांगितलं. बडे बाबूंची भोपाळला बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या बैठकीतली रीघ एका महिन्यात आटली. गरज सरो, वैद्य मरो. सकाळी आठ ते दहा दादा तरीही तिथे बसायचे, टेबलावर लाल पेन्सिल टोक करून ठेवलेली. कुणी यायचं नाही. कधी पोस्टमन यायचा.

मला वाटलं होतं, दादा घरी आले की सगळं पहिल्यासारखं होईल. पण घरी आले ते कुणी वेगळेच होते. गल्लीतले लोक त्यांना अजून मंत्रीजी म्हणायचे आणि ते आले की ओट्यावरून उठून उभे राहायचे. पूर्वी पानवाला भिया त्यांच्या खांद्यावर हात टाकून राजकारण सांगायचा, आता ‘जी, जी’ करायचा. आणि मीही आठ वर्षांची राहिले नव्हते. तेरा संपत आली होती. दोन वेण्या, मैत्रिणींचा घोळका, आणि आपल्याकडे सगळं जग बघतंय अशी खात्री. बापाबरोबर रस्त्याने जायची मला लाज वाटायची. मोठ्याने खाकरायचे ते, आणि रस्त्यातला खड्डा दिसला की थांबून बघत बसायचे.

त्या वर्षी रंगपंचमीच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आले, तर माझ्या अभ्यासाच्या पाटावर एक कागद होता. अक्षर दादांचं. सेवेशी, कुमारी अमुक, माझं पूर्ण नाव. विषय, गेर पाहण्याबाबत. सविनय विनंती की, अर्जदार पाच वर्षे सदर प्रसंगी गैरहजर होता. झालेल्या गैरसोयीबद्दल तो दिलगीर आहे. अर्जदार आता मोकळा असून त्याचे खांदे पूर्वीइतके नाहीत, तरी चालत जाता येईल. उद्या सकाळी सोबत यावे, ही प्रार्थना. खाली लिहिलं होतं, ‘एक नागरिक, जुनी इंदूर.’

मी तो दोनदा वाचला. मला हसू आलं, आणि त्याच्या खाली राग होता, पाच वर्षांचा, अजून गरम. उद्या मैत्रिणींबरोबर एकीच्या गच्चीवरून गेर बघायचं ठरलं होतं. दादांबरोबर हात धरून पुलावरून जायचं, आणि कुणी पाहिलं तर? मग मला एक हुशारी सुचली. मी बैठकीत गेले, त्यांच्या टेबलावरची लाल पेन्सिल उचलली, आणि तिजोरी खात्याच्या थाटात अर्जावर शेरा मारला, ‘मार्च महिना आहे. वार्षिक परीक्षा जवळ असल्याने शक्य दिसत नाही. अमान्य.’ कागद तिथेच ठेवला. दादा तेव्हा मागे विहिरीवर होते. मी आपल्या विनोदावर खूश होते. वाटलं, ते वाचतील, मोठ्याने हसतील, मला हाक मारतील, म्हणतील, ‘बस कर, चल आता.’ मग मी थोडे आढेवेढे घेऊन कदाचित गेलेही असते. त्यांनी एकदा तोंडाने म्हणावं, एवढंच मला हवं होतं. कागदावर नको, तोंडाने.

दादांनी हाक मारली नाही. रात्री जेवताना परीक्षेचा अभ्यास कुठवर आला ते विचारलं आणि गणितात मदत करू का म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ट्रंकेतून सदरा काढला. पाच होते, तिने सगळ्यांत जुना दिला, पहिल्या वर्षीचा. दादा तो घालून बाहेर पडले. मी मागल्या दाराने मैत्रिणीकडे गेले. गच्चीवरून गेर पाहिली, हंडाभर रंग खाली ओतला, खूप ओरडलो. खाली मुली बापांच्या खांद्यांवर बसून चालल्या होत्या. मी त्यांच्यातले सगळे सदरे नीट पाहून घेतले. दादा त्यांत नव्हते.

मी परत आले तेव्हा आई अंगणात सदरा हातात घेऊन उभी होती. तिने तो उजेडात धरला, उलटा केला, बाह्या पाहिल्या. एक ठिपका नव्हता. ती म्हणाली, "गेले होते तरी कुठे हे?" मग तिने तो धुवायला टाकला नाही. घडी घातली आणि उरलेल्या चार सदऱ्यांवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आईने मला सुपारी आणायला कोपऱ्यावर पाठवलं. पानवाल्या भियाची बोटं अजून हिरवी होती. पुडी बांधता बांधता तो म्हणाला, "गुड्डी, मंत्रीजी को क्या हुआ था? कल सुबह से दुपेर तक यहीं दुकान के पटिये पे बैठे रहे. अब मंत्रीजी पे रंग कौन डाले, किसी की हिम्मत नी हुई. मैंने तीन बार बोला, भिया, गेर निकल री है, चलो मैं ले चलूँ. तो बोले, नहीं, मंज़ूरी नहीं आई."

मी पुडी घेऊन घरी आले. सकाळचे साडेआठ झाले असतील. दादा बैठकीत बसले होते, टेबल रिकामं, पेन्सिल जागच्या जागी. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं आणि वाट पाहिली. मला सांगायचं होतं की चला, पुढल्या वर्षी नाही, आत्ताच, रंग नसला तरी पुलापर्यंत जाऊन येऊ. पण माझ्या हातात सुपारी होती, कागद नव्हता, आणि तोंडी मागायची आमच्या घरात रीत नव्हती.